वास न बघता दिलेली गोधडी

आये, तुझी मोठी गोधडी परत घरी आली आहे. हिरव्या लुगड्याचे काठ लावलेली, चारी कोपऱ्यांना लाल चिंध्यांचे त्रिकोण असलेली, तीच. मागच्या पौषात मी ती एका म्हाताऱ्याला पांघरायला दिली होती. बोईसर स्टेशनच्या जवळ एका बेकरीच्या मागे तो रस्त्यावर झोपायचा. तो आता नाही, आणि गोधडी मात्र आहे तशी आहे, एक टाका उसवलेला नाही. तुला जाऊन वीस वर्षं उलटली, इतक्या वर्षांत मी तुला कधी काही लिहिलं नाही, तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण यंदा पुन्हा थंडी पडायला लागली आहे आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. तू असतीस तर एव्हाना ओरडली असतीस, "बोल ना गो, मूग गिळलेस काय?" बोलते. जरा दमाने घे.

लोक म्हणतात, आपल्याकडे कसली आली थंडी, दुपारी पंखा लावावा लागतो. त्यांना म्हणावं, पौषात पहाटे एकदा सिमेंटच्या ओट्यावर पाठ टेकून बघा. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, सकाळच्या पाळीची बस मला बेकरीच्या कोपऱ्यावरून मिळते. तिथे बेटेगावची एक बाई चहाची टपरी चालवते. बसची वाट बघत मी तिच्याकडे अर्धा चहा घ्यायची, आणि तिथेच तो म्हातारा मला पहिल्यांदा दिसला. एक पाय ओढत चालायचा. कारखान्यांच्या शेडा नि पाइप रंगवण्यात त्याची सगळी उमर गेली होती. परांचीवरून पडला, पाय गेला, पाठोपाठ काम गेलं, मग खोली गेली. गावी कोणी आहे का विचारलं तर म्हणायचा, "हैं भी, नहीं भी," आणि हसून विषय बदलायचा. बेकरीची भट्टी पहाटेपर्यंत पेटती असते, त्यामुळे तिच्या मागची भिंत उजाडलं तरी कोमट राहते. ही जागा त्याने स्वतः शोधून काढली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. एकदा मला बोलावून त्याने भिंतीला हात लावायला लावला. "देखो बहनजी, मेरा हीटर." बेकरीवालाही काही म्हणत नव्हता. उलट सकाळी तुटका पाव हातावर ठेवायचा.

संक्रांतीच्या आधी कुठलीशी मंडळी टेम्पो घेऊन आली, रस्त्यावरच्या प्रत्येकाला एकेक ब्लँकेट दिलं, फोटो काढले आणि गेली. ब्लँकेट कसलं, चहा गाळावा असं कापड. पण तेही टिकलं नाही, कारण दिवसा ते ठेवायचं कुठे? तो पाव आणायला चार पावलं गेला आणि झाडूवाल्यांनी कचरा समजून ते गाडीत टाकलं. मला हे ऐकून संताप आला. मी त्याला विचारलं, बाबा, तुम्हाला काय हवंय? त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मोज़े." मी दुसऱ्या दिवशी लोकरीचे दोन जोड नेले. एक त्याने पायात घातला आणि एक हातात घातला, आणि दोन्ही हात वर करून मला दाखवले. चहावाली इतकी हसली की तिच्या हातचं दूध सांडलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं, आये. माणसाने मोजे मागितले, मोजे मिळाले, त्याची भिंत गरम होती. पण मोजे देऊन माझं समाधान होईना. मला काहीतरी मोठं द्यायचं होतं. तुझ्यासारखं.

तुझं देणं मी लहानपणी जवळून बघितलं होतं. किनाऱ्यावरून मासळीची टोपली घेऊन तू बोईसरच्या बाजारात यायचीस, सुट्टीच्या दिवशी मी तुझ्यासोबत. बाजाराच्या टोकाला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर एक बाई झोपायची. कोणाशी बोलायची नाही, कोणी जवळ गेलं की भिंतीकडे तोंड करायची. तू तिच्यासमोर कधी उभी राहिली नाहीस. टोपली उतरवायचीस, तिच्या शेजारी फतकल मारून बसायचीस आणि तिच्याशी नाही तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचीस, "आज वारा वरचा हाय." असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एकदा ती आपणहून म्हणाली, पाठ गार पडते. तेव्हा कुठे तू हललीस. आधी गोणपाटात भाताचा पेंढा भरून तिच्यासाठी गादी शिवलीस. मी म्हटलं, पांघरूण दे ना आधी. तर म्हणालीस, "थंडी खालून येते. वरून कितीबी घाल, खाली लादी हाय तवर ती मरायचीच." आणि मग शिवायला घेतलीस गोधडी. आपल्या घरात सगळं एकाच माळ्यावर असायचं, सुके बोंबील, सुकट, जुनी लुगडी, जाळ्याचे तुकडे. गोधडी शिवून झाली की तू ती उकळत्या पाण्यात बुडवायचीस, तीन दिवस वाळूवर उलटसुलट वाळवायचीस, आणि तरीही सरळ नेऊन द्यायची नाहीस. बाजारात वाणगावची एक भाजीवाली तुझ्या समोर बसायची, मिरच्या नि वांगी विकायची. तिच्या नाकाशी गोधडी धरायचीस. "बघ गो, वास येते का?" ती येते म्हणाली की पुन्हा घरी, पुन्हा पाणी, पुन्हा वाळू.

तो दिवस मला विसरता येत नाही. मी आठवीत. तू गोधडी माझ्या हातात देतेस आणि म्हणतेस, जा, तिला वास बघायला सांग. आणि भाजीवालीसमोर कोण उभं, तर माझ्या वर्गातली कॉलनीतली मुलगी, तिच्या आईबरोबर. वर्गात माझ्या बाकावर कोणी का बसत नाही ते मला तेव्हा चांगलं ठाऊक होतं. मी रोज दोनदा साबण लावून अंघोळ करायचे, वेणीत अबोलीचा गजरा माळायचे, तरी कोणीतरी नाक धरायचंच. मी जागची हलले नाही. म्हटलं, "नाही येत वास. मी बघितला." तू माझ्याकडे बघितलंस, गोधडी हिसकावून घेतलीस, स्वतः गेलीस. परत आलीस ती चिडून. "येते वास. तुला लाज वाटली ना? तुझे लाजेनं त्या बाईला झोप लागणार हाय?" मग आवाज उतरवून म्हणालीस, गेल्या साली न बघता दिली होती, तर कुत्री तिच्या अंगावर आली, गोधडी ओढता ओढता एकाने तिची पोटरी फोडली. "आपल्या नाकाला आपला वास नाय येत गो. दुसऱ्याचं नाक उसनं घ्यावं लागते." मी परतीच्या वाटेभर रडत होते, पण ते त्या बाईसाठी नव्हे. तू एवढ्या मोठ्याने बोललीस आणि ती मुलगी अजून तिथेच उभी होती, म्हणून.

आता पुढचं सांगते. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं आठवत होतं. मी विसरले असते तर बरं झालं असतं, निदान विसरले म्हणून सांगता आलं असतं. आजही मी पावसाळ्याआधी बोंबील, सुकट, करंदी पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवते, आणि डब्यांशेजारीच तुझी पेटी आहे. तुझ्या हातच्या गोधड्यांतली ती एकच उरली होती. मी ती काढली, मशीनमध्ये दोनदा धुतली, शेवटच्या पाण्यात सुवासिक औषध ओतलं, गॅलरीत दोन दिवस ऊन दिलं. नाकाशी धरली. मला फुलांचा वास आला. मग ती हातावर टाकून जिना चढले. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सोलापूरकडची एक बाई राहते, नवरा वीजकेंद्रात, घरात अंडंसुद्धा चालत नाही. बाई चांगली आहे. पण एकदा जिन्यात माझ्या हातातल्या पिशवीजवळून जाताना तिने पदर नाकाला लावला होता. मुद्दाम नाही, नकळत. मी तिच्या दारापर्यंत गेले आणि बेलवर बोट ठेवलं. आणि काय विचारायचं होतं मला? ताई, जरा हुंगून सांगता का, आम्हाला वास येतो का? पन्नाशी उलटली, आये, स्वतःचं घर झालं, पोरं शिकली, आणि मी त्या दारासमोर पुन्हा आठवीतली पोर होऊन उभी. बोट काढून घेतलं. खाली आले. म्हटलं, एवढी धुतलीय, कसला डोंबलाचा वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दिली. त्याने हातांतले मोजे काढले आणि टाक्यांवरून बोटं फिरवली. रंगकाम करणाऱ्याला हाताचं काम कळतं. "यह तो हाथ की सिलाई है." मी फुशारले. म्हटलं, मेरी माँ के हाथ की है, बाबा, बस यही एक बची है, सँभालना. तो लगेच ती परत द्यायला लागला, इतनी बड़ी चीज़ मत दो म्हणाला. मीच त्याच्या मांडीवर दाबून ठेवली. त्याने मान हलवली. "सँभालूँगा." मी बसमध्ये बसले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की पाळीभर मी गुणगुणत काम केलं. पुढचे चार-पाच दिवस रोज विचारायची, नींद आई? तो म्हणायचा, बहुत गरम है. डोळे लाल दिसायचे. एकदा हाताला ओरखडे होते, विचारलं तर म्हणाला पत्रा लागला. दिसत होतं, पण मला बघायचं नव्हतं. मग नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, आम्ही सगळे माकुणसारला गेलो, हळद, लग्न, पूजा करून आठ दिवसांनी परतलो. मी लग्नातला लाडू त्याच्यासाठी कागदात बांधून आणला होता.

भिंतीपाशी कोणी नव्हतं. चहावालीने मला बघितलं आणि पातेल्यात डाव फिरवत राहिली. मी विचारलं, बाबा कुठे? ती म्हणाली, "इस्पितळात. काल रिक्षेत घालून नेला. ताप, छाती भरलेली." मग गॅस बारीक करून म्हणाली, "तुमाला एक सांगू? राग नका मानू. तुमच्या गोधडीला सुक्या म्हावऱ्याचा वास हाय. पयल्या दिवसापासून कुत्री लागली त्याच्या मागं. पाच-सहा कुत्री, हाकलली तरी हटत नाय. बेकरीवाल्याच्या गिऱ्हाइकावर भुंकायला लागली, तवा त्याने याला उठवला तिथनं. मग हा गेला पुलाखाली. तिथं सगळीकडून वारा." मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? "तो सांगू द्यायचा नाय. म्हणे बहनजीला वाईट वाटेल." तिने गाळणं झटकलं. "आन् मला वाटलं, तुमाला म्हाईत असेल. तुमच्याच घरातली ना." मी लाडवाची पुडी टपरीवर ठेवली. विचारलं, पण गोधडी तरी पांघरायचा ना पुलाखाली? तिने मान हलवली. नाही. कुत्री तिथेही आली. मग त्याने गोधडी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरली, दोरीने बांधली आणि एका रिक्षावाल्याकडून झाडाला उंच टांगून घेतली. "मी बोलले, नेऊ दे ना कुत्र्यांना, नायतर मी धुवून देते. तर म्हणे, माँ के हाथ की है, फटली तर काय तोंड दाखवू. स्वतः निजला गोणपाटावर आन् तुमची गोधडी वर झाडावर."

कंपनीत न जाता मी तशीच सरकारी इस्पितळात गेले. नाकाला नळी लावलेली, खाट त्याच्यापेक्षा केवढी तरी मोठी वाटत होती. पायात माझे मोजे होते. त्याने मला ओळखलं. बोलायला त्रास होत होता, तरी हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आपकी अमानत पेड़ पर है. एक टाँका नहीं टूटा." मी काय म्हणायला हवं होतं, आये? बाबा, वास माझ्या घरचा होता, मला ठाऊक होतं, विचारायची लाज वाटली? एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हटलं, आप आराम करो. तो हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रंग छातीत गेलेला, आज ना उद्या हे होणारच होतं, थंडीचं निमित्त झालं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले असतील, किंवा खरंही असेल. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. चहावालीने त्या रिक्षावाल्याला झाडावर चढवून पिशवी उतरवली आणि मला आणून दिली. मी ती घरी आणली, आणि हे मला लिहवत नाही, पण लिहिते, मी ती नाकाशी धरली आणि मला तेव्हाही काहीच वास आला नाही.

यंदा बैल गेला नि झोपा केला, तसं माझं चाललंय. दिवाळीनंतर एक दिवस चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल दाबली. हातात जुन्या साड्यांची नवी गोधडी होती. म्हटलं, ताई, वास बघता का, रस्त्यावरच्या माणसाला द्यायची आहे, कुत्री लागतात. तिने हात धुतले, गोधडी दोन्ही हातांनी घेतली, तोंड खुपसून वास घेतला आणि म्हणाली, "येतोय. या कडेला जास्त आहे. थांबा, माझ्या गच्चीत टाकू, तिथं वारं लई आहे." एवढंच. ना पदर, ना काही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दार सोडून खाली आले होते. आता ती आमचं सगळं हुंगते, आमच्या मजल्यावरच्या तिघी शिवतात. गोधडीआधी पुठ्ठा नि पेंढ्याची गादी देतो. बेकरीशेजारचा मोबाइलच्या दुकानाचा मालक दिवसा सगळ्यांची बोचकी त्याच्या माळ्यावर ठेवून घेतो, म्हणजे झाडूवाले उचलत नाहीत. बेकरीवाल्याला चहावालीने चार शब्द सुनावले, आता त्याच्या भिंतीला दोघं झोपतात. आणि मी देण्याआधी बसते, तुझ्यासारखी, रस्त्यात फतकल मारून. परवा एका बाईला विचारलं, काय हवंय, तर म्हणाली सेफ्टी पिना, दोन साड्या जोडून पांघरते, वाऱ्याने सुटतात. मी घरून गोधडी नेली होती, ती तशीच परत आणली आणि पिनांचं पाकीट देऊन आले. तिला तेवढंच हवं होतं.

सगळ्या मला म्हणतात, तुम्ही त्या म्हाताऱ्याचं किती केलंत. सोलापूरवाली म्हणते, तुमच्यामुळे आम्ही शिकलो. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसते. नवऱ्याला, पोरांना, सगळ्यांना मी डॉक्टरांचंच वाक्य सांगितलं आहे. चहावालीला खरं ठाऊक आहे, पण ती माझ्याकडे न बघता चहा गाळते आणि अर्ध्याच्या जागी पूर्ण देते, आणि तो मला गिळवत नाही. म्हणून तुला लिहिलं. हा कागद कुठे पाठवायचा तर नाहीच, आणि पेटीत तुझ्या वस्तूंबरोबर ठेवायलाही मन घेत नाही, कोणाच्या हाती लागला तर. फाडून टाकीन बहुतेक. पण एक कबूल करते. तू असतीस ना, आये, तर हे मी तुला सांगितलं नसतं. तुलाही तेच सांगितलं असतं, की म्हातारा होता, छाती खराब होती, थंडीचं निमित्त झालं.